गवतावरील फुलपाखरू आणि शहराचे ऋतुमान

कोलकात्याच्या उत्तर भागातील बागबाजार या वस्तीत 'मराठा डिच लेन' नावाची एक गल्ली आहे. नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या, तेव्हा धास्तावलेल्या नगरवासीयांनी १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खोदण्यास प्रारंभ केला. त्याचे उत्तरेकडील टोक बागबाजारजवळ हुगळीच्या काठी होते. सात मैलांचा संकल्प होता. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खोदकाम झाले आणि मराठी फौज शहरापर्यंत न आल्याने काम थांबले. पुढे १७९९ मध्ये या खंदकाचा मोठा भाग बुजवून वर्तुळाकार रस्ता तयार करण्यात आला. बंगाली स्मृतीत 'बर्गी' म्हणून भीतीचा विषय झालेल्या स्वारांची आठवण आता एका गल्लीच्या नावापुरती उरली आहे.

खंदकाचा विषय येथे निघाला तो इतिहासासाठी नव्हे. खंदकाचा उतार, कालव्याचा काठ, नदी आणि लोहमार्ग यांमधील चिंचोळी पट्टी, जुन्या वाड्याच्या पडक्या भिंतीलगतचे अंगण, अशा जागांना नगररचनेच्या नकाशात स्वतंत्र नाव नसते. त्या बांधकामाच्या नसतात, उद्यानाच्या नसतात, शेतीच्याही नसतात. तेथे उगवते ते गवत, आणि गवताबरोबर येते गवतावर जगणारी सृष्टी. या सृष्टीतील एक अत्यंत सामान्य फुलपाखरू हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. इंग्रजीत त्यास 'कॉमन ईव्हनिंग ब्राउन' म्हणतात. शास्त्रीय नाव मेलानायटिस लेडा. लिनियसने १७५८ मध्येच त्याची नोंद केली होती. आफ्रिकेपासून भारत, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा वावर आहे. भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती आढळतात. त्यांपैकी सहज दृष्टीस पडू शकेल, परंतु क्वचितच पाहिले जाईल असे हे फुलपाखरू. कारण त्याच्या दिनक्रमात आहे.

सांजवेळचा दिनक्रम

बहुतेक फुलपाखरे उन्हात उडतात. हे मात्र दिवसभर सावलीत, पाचोळ्यात किंवा गवताच्या बुडख्याशी पंख मिटून बसून राहते. पाय अगदी जवळ पडला तरच उठते, जमिनीलगत काही हात अंतर उडते आणि पुन्हा पाचोळ्यात उतरते. उतरताच पंख एका बाजूस किंचित कलते करते, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असूनही ते हरवते. पंखांचा विस्तार सहा ते आठ सेंटिमीटर, म्हणजे आकाराने ते लहान नाही. रंग तपकिरी, पुढच्या पंखाच्या वरच्या बाजूस टोकाशी काळा डाग, त्यात दोन पांढरे ठिपके आणि भोवती नारिंगी छटा. परंतु पंख मिटलेले असल्याने ही बाजू क्वचितच दिसते.

सूर्य मावळल्यानंतर अर्धा-पाऊण तास, आणि पहाटेच्या संधिप्रकाशात, ते खरे सक्रिय होते. नर ठरावीक जागा धरून बसतात आणि दुसरा नर आल्यास दोघे एकमेकांभोवती गिरक्या घेत वर जातात. ऑस्ट्रेलियात या जातीच्या संधिप्रकाशातील झुंजींवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या झुंजींमध्ये नराचे वय आणि जागेवरील आधीचा ताबा यांचा काय परिणाम होतो हे तपासण्यात आले. मालमत्तेच्या हक्कांचा अर्थशास्त्रीय विचार करणाऱ्यांना 'आधी ताबा, मग हक्क' हे तत्त्व परिचित आहे. गवताच्या पात्यावर ते कसे चालते हे पाहणे मनोरंजक ठरावे.

फुलांकडे हे फुलपाखरू फारसे फिरकत नाही. पिकून गळालेली, आंबू लागलेली फळे आणि झाडाच्या खोडातून झिरपणारा रस हे त्याचे खाद्य. म्हणजे प्रौढावस्थेत त्यास फळझाड व सावली लागते, तर अळीस गवत लागते. केवळ मोकळे कुरण किंवा केवळ दाट झाडी त्याच्या कामाची नाही. दोहोंच्या सीमेवरील जागा हा त्याचा खरा अधिवास होय. बागबाजारसारख्या जुन्या वस्तीत आंबा, पेरू किंवा केळीचे एखादे झाड, त्याखाली न काढलेला पाचोळा आणि शेजारी न कापलेले गवत एवढी सामग्री एकत्र आली तरी या फुलपाखराचा संसार उभा राहू शकतो.

मादी गवताच्या पात्यावर फिकट, गोल अंडी एकेकटी किंवा लहान गटात घालते. अळी गवतासारखीच हिरवी. डोक्यावर दोन आखूड शिंगे आणि शेपटाकडे दोन टोके. पात्याच्या खालच्या बाजूस लांबीच्या दिशेने ती पडून राहते. कोषही हिरवाच, पात्याला उलटा टांगलेला. उबदार हवामानात अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास सुमारे एका महिन्यात पूर्ण होतो.

अळीच्या आहारात रानगवतांबरोबर भात, मका, ज्वारी, ऊस आणि बांबूही येतात, कारण वनस्पतिशास्त्रानुसार ही सर्व गवतेच आहेत. येथे एक प्रशासकीय गंमत नमूद करण्यासारखी आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये बांबूची गणना वृक्षांत होत असे. वनक्षेत्राबाहेरील बांबूची या व्याख्येतून सुटका २०१७ मध्ये आधी अध्यादेशाने व नंतर दुरुस्ती अधिनियमाने झाली. अळीने मात्र बांबूला नेहमीच गवत मानले होते. भातावर पडत असल्याने कृषी कीटकशास्त्राच्या पुस्तकांत या अळीचे नाव किडींच्या यादीत सापडते. तथापि ती गौण कीड आहे. अंड्यांवर व अळ्यांवर जगणारे परजीवी कीटक तिची संख्या आटोक्यात ठेवतात आणि प्रादुर्भाव सहसा आर्थिक नुकसानीच्या पातळीपर्यंत पोहोचत नाही. ज्या संख्येला पिकाचे नुकसान आणि नियंत्रणाचा खर्च समान होतात, त्याखाली फवारणी करणे म्हणजे तोट्याचा व्यवहार, हा या संकल्पनेचा गाभा आहे. परीक्षार्थींनी तो ध्यानी ठेवावा.

दोन जाती की एक?

या फुलपाखराच्या अभ्यासात कोलकात्याचे स्थान विशेष आहे. लायोनेल द निसेव्हिल हे १८७० मध्ये इंग्लंडहून येथे आले ते सरकारी कचेरीत कारकून म्हणून. कचेरीच्या वेळेबाहेर त्यांनी कीटकशास्त्राचा ध्यास घेतला. जी. एफ. एल. मार्शल यांच्यासह भारत, ब्रह्मदेश व श्रीलंकेतील फुलपाखरांवरील बृहद्ग्रंथाचा पहिला खंड त्यांनी १८८० च्या दशकात प्रसिद्ध केला व पुढील खंड स्वतः पूर्ण केले. १९०१ मध्ये त्यांची शासकीय कीटकशास्त्रज्ञ म्हणून नियुक्ती झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हिवतापाने कोलकात्यातच त्यांचे निधन झाले.

त्या काळी संग्रहालयांतील पेट्यांत या वर्गातील फुलपाखरांचे दोन प्रकार ठेवलेले असत. एकाच्या पंखांच्या खालच्या बाजूस कडेने डोळ्यांसारखे ठळक वलयांकित ठिपके. दुसऱ्यात हे ठिपके जवळजवळ नाहीत आणि पंख सुकलेल्या पानासारखे. दोहोंना वेगळी नावे दिली गेली होती. गवतावरच जगणाऱ्या, आकाराने लहान अशा 'बुशब्राउन' आणि 'रिंग' गटांतील फुलपाखरांतही हाच प्रकार होता. ठिपकेदार प्रकार पावसाळ्यात आणि बिनठिपक्यांचा प्रकार कोरड्या ऋतूत मिळतो, याकडे काहींचे लक्ष गेले होते. परंतु मृत नमुन्यांवरून वाद मिटणे शक्य नव्हते.

द निसेव्हिल यांनी मार्ग निवडला तो साधा व वेळखाऊ होता. कोलकात्यात पकडलेल्या माद्यांकडून अंडी घालून घ्यायची, अळ्यांना गवतावर वाढवायचे आणि कोषातून काय बाहेर पडते ते पाहायचे. एका प्रकारच्या मादीच्या पोटी दुसऱ्या प्रकारची संतती निपजली, तर त्या दोन जाती नव्हेत हे निर्विवाद ठरणार होते. कोलकात्यातील या गटाच्या जीवनक्रमावरील आणि ऋतुजन्य द्विरूपतेवरील त्यांचा निबंध १८८६ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जाती अनेक नव्हत्या. एकच जात ऋतूनुसार दोन पोशाख करीत होती. संग्रहालयातील कित्येक नावे त्यामुळे रद्दबातल झाली. वर्गीकरण चुकले की मोजणी चुकते, ही सांख्यिकीतील जुनी अडचण येथे अळ्या पाळून सोडवली गेली.

रूपबदलाचे गणित

एकाच जातीने दोन रूपे का बाळगावीत? उत्तर मोसमी हवामानात आहे. कोलकात्यात वर्षाला सरासरी १,६०० ते १,८०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या काळात येतो. या महिन्यांत गवत भरपूर असते, एकामागून एक पिढ्या निघतात आणि फुलपाखरू सतत हालचालीत असते. हालणाऱ्या प्राण्यास लपणे अवघड. अशा वेळी पंखांच्या कडेवरील ठिपके पक्ष्याची चोच किंवा सरड्याचा जबडा शरीरापासून दूर, पंखाच्या काठाकडे वळवतात. पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो.

नोव्हेंबरनंतर चित्र पालटते. गवत सुकते, अळ्यांना अन्न उरत नाही. या काळातील प्रौढांना पुढच्या पावसापर्यंत तग धरायचा असतो. प्रजनन लांबणीवर टाकून ते पाचोळ्यात निश्चल राहतात. निश्चल प्राण्याच्या अंगावरील ठळक ठिपका म्हणजे शत्रूला दिलेले निमंत्रणच. म्हणून ठिपके लोपतात व पंखांची कडही अधिक कोनदार होते. शिवाय कोरड्या ऋतूतील दोन फुलपाखरे एकमेकांसारखी नसतात. कोणी करडे, कोणी तांबूस, कोणी काळसर डागांचे. जशी गळून पडलेली पाने एकसारखी नसतात. शिकार करणाऱ्या पक्ष्यास एकच नमुना मनात धरून शोध घेता येत नाही. जोखीम विभागून ठेवण्याचा हा प्रकार गुंतवणुकीच्या व्यवहारातही परिचित आहे.

कोणता पोशाख घालायचा, याचा निर्णय मात्र प्रौढ फुलपाखरू घेत नाही. तो अळीच्या अखेरच्या दिवसांत होऊन जातो. आफ्रिकेतील बायसायक्लस अनिनाना या जवळच्या नात्यातील फुलपाखरावर प्रयोगशाळांत झालेल्या दीर्घ संशोधनातून असे दिसले की, अळीला लाभलेले तापमान हा प्रमुख संकेत असतो. उष्ण दिवसांत वाढलेल्या अळीपासून ठिपकेदार, थंड दिवसांत वाढलेल्या अळीपासून बिनठिपक्यांचे फुलपाखरू निपजते. शरीरातील संप्रेरकांच्या पातळीतील फरक हा मधला दुवा. भारतात तिरुवनंतपुरम येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत या गटातील फुलपाखरांवर अलीकडे काम झाले आहे.

थोडक्यात, अळी तापमान वाचते आणि त्यावरून येणाऱ्या ऋतूचा अंदाज बांधते. तापमान उतरले म्हणजे गवत सुकणार, हा तिचा आडाखा हजारो पिढ्या खरा ठरत आला आहे. अडचण आता येथे आहे. हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील काही मोठ्या शहरांच्या तापमानवाढीची तुलना केली. १९५० ते २०१८ या काळात कोलकात्याचे तापमान सुमारे २.६ अंश सेल्सिअसने वाढल्याचे त्यात दिसते, आणि तुलनेतील शहरांत ही वाढ सर्वाधिक होती. जागतिक तापमानवाढीखेरीज सिमेंट-डांबराने साठवलेली उष्णता यास कारणीभूत आहे. पावसाचे वेळापत्रक मात्र याच प्रमाणात सरकलेले नाही. गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर सुकणारच. पण ते सुकण्याच्या बेतात असताना अळीस अजून उष्णताच जाणवत असेल, तर पाचोळ्यात ठिपकेदार, प्रजननास उत्सुक फुलपाखरू उतरेल आणि त्याच्या अळ्यांना गवत मिळणार नाही. बागबाजारच्या एखाद्या अंगणात असे घडत आहे काय, हा प्रश्न १८८६ च्या पद्धतीनेच, फुलपाखरे पकडून, ठिपके मोजून आणि महिनावार नोंद ठेवून सोडवता येईल.

'पडीक' या शब्दाची किंमत

तापमानाइतकाच दुसरा धोका कोयत्याचा आणि गवत कापणाऱ्या यंत्राचा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुर्गापूजेपूर्वी वस्त्या-वस्त्यांतून साफसफाई होते. नागरी स्वच्छतेच्या दृष्टीने ती आवश्यकच; डासांच्या उपद्रवाचा विचार करता तिला विरोध करणे शहाणपणाचे नाही. परंतु कोरड्या ऋतूत तग धरणारी पिढी नेमकी याच सुमारास अळी वा कोष म्हणून पात्यांवर असते. एकाच दिवशी सरसकट कापलेल्या गवताबरोबर ती संपूर्ण पिढी जाते. एक-तृतीयांश पट्टी महिनाभर न कापता ठेवणे, आणि पाचोळा जाळण्याऐवजी झाडाखालीच राहू देणे, याला खर्च येत नाही. उलट मजुरी वाचते.

मग हे का होत नाही? कारण अशा जागांना हिशेबात मूल्य नाही. शहराबाहेरही स्थिती निराळी नाही. भूसंसाधन विभागाच्या २०१९ च्या पडीक जमीन नकाशासंग्रहानुसार २०१५-१६ मध्ये देशात सुमारे ५.५७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या १६.९६ टक्के जमीन 'पडीक' होती. नैसर्गिक गवताळ व झुडुपी माळरानांचा मोठा भाग याच सदरात मोडतो. महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील माळ, जेथे धनगरांचे कळप चरतात, लांडगा व माळढोक वावरतात, तेही या नावातून सुटलेले नाहीत. एकदा 'पडीक' ठरले की तेथे वृक्षलागवड, सौर प्रकल्प किंवा औद्योगिक वसाहत हा 'सुधार' मानला जातो. अकराव्या पंचवार्षिक योजनेसाठी नियोजन आयोगाने नेमलेल्या गवताळ प्रदेश व वाळवंटविषयक कृती गटाने २००६ मध्येच या परिसंस्थांकडे झालेल्या दुर्लक्षाकडे लक्ष वेधले होते. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले, त्यामागेही हीच जाणीव आहे.

युरोपात या दुर्लक्षावर काढलेला तोडगा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित वाटेल: निर्देशांक. गवताळ भागातील १७ फुलपाखरांच्या संख्येवरून तेथे 'गवताळ फुलपाखरू निर्देशांक' काढला जातो. घाऊक किंमत निर्देशांकात जसे वस्तूंचे टोपले असते, तसे हे जातींचे टोपले. दुर्मीळ जातींबरोबर सामान्य जातीही त्यात मुद्दाम घेतलेल्या आहेत, कारण बदलाचा कल सामान्यांच्या संख्येतच लवकर उमटतो. १९९१ ते २०२० या काळात हा निर्देशांक सुमारे ३० टक्क्यांनी घसरला. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निसर्ग पुनर्स्थापना कायद्यात शेतीक्षेत्राची प्रगती मोजण्यासाठी दिलेल्या तीन निर्देशकांपैकी हा एक आहे. सदस्य राष्ट्रांना तिन्हींपैकी किमान दोहोंत सुधारणा दाखवावी लागेल. या निर्देशांकाचा पाया म्हणजे ब्रिटनमध्ये १९७६ पासून सुरू असलेली पदभ्रमण गणना: ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेगाने चालायचे आणि दोन्ही बाजूंस अडीच मीटर व समोर पाच मीटर या चौकटीत दिसलेली फुलपाखरे मोजायची.

भारतात आराखडा आहे, आकडे कमी आहेत. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत, म्हणजे महानगरपालिकेतही, जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे व तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवणे अपेक्षित आहे. अशा अडीच लाखांहून अधिक नोंदवह्या देशात तयार झाल्या. सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय २०१८ पासून पर्यावरणीय लेख्यांचे 'एन्व्हिस्टॅट्स इंडिया' हे प्रकाशन काढते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२१ मध्ये परिसंस्था लेखांकनाचा आराखडा स्वीकारला. तथापि नोंदवहीत जातीचे नाव असते. दरवर्षी त्याच जागी केलेली मोजणी क्वचितच असते. आधारवर्ष नसलेल्या आकड्यावरून निर्देशांक निघत नाही. २०२० पासून सप्टेंबर महिन्यात देशभर स्वयंसेवकांकडून होणारी फुलपाखरू गणना ही उणीव काही अंशी भरून काढू शकते. शहरांपुरते बोलायचे तर कोलकात्याजवळ इतरांकडे नसलेली गोष्ट आहे: ऋतुरूपांची १८८० च्या दशकातील, अळ्या पाळून पडताळलेली नोंद.

ब्रिटनची पद्धत मात्र येथे जशीच्या तशी चालणार नाही. ती उन्हात उडणाऱ्या फुलपाखरांसाठी आहे; भर दुपारी बागबाजारच्या काठाने चालणाऱ्या गणकास पाचोळ्यातील हे फुलपाखरू दिसणारच नाही आणि तक्त्यात शून्य भरले जाईल. त्यासाठी सूर्यास्तापूर्वी झाडाच्या खालच्या फांदीला जाळीचा पिंजरा टांगून त्यात आंबलेली केळी ठेवावी लागतात. सकाळी पिंजऱ्यातील फुलपाखरे मोजायची, पंखाखालचे ठिपके ठळक की पुसट याची नोंद करायची, त्या आठवड्याचे किमान तापमान शेजारी लिहायचे आणि फुलपाखरे सोडून द्यायची. दोन-तीन विद्यार्थी आठवड्यातील एक संध्याकाळ आणि एक सकाळ देऊ शकले, तर पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा पहिला तक्ता एकाच वर्षात तयार होतो.